हिरवी खूण आणि काकांच्या चपला

भोरला आमच्या ऑफिसात एखादं काम कुठवर आलंय, हे विचारायची कुणाला गरज पडत नसे. जिना चढून वर आलं की उंबऱ्याकडे बघायचं. काकांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, चपला उंबऱ्याबाहेर असल्या तर काम चालू आहे, आणि काकांच्या पायात असल्या तर संपलं आहे. खाली खताचं दुकान होतं. तिथला माणूससुद्धा आमच्या गिऱ्हाइकांना जिन्यातूनच परत पाठवायचा. अजून चपला भाईर हायेत, उद्या या, म्हणायचा.

ही सवय काकांना खांबाने लावली होती. संगणकाच्या नादी लागण्याआधी ते वीस-बावीस वर्षं टेलिफोनचे लाईनमन होते. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातले खांब ते अनवाणी चढायचे आणि चपला खाली बुंध्याशी ठेवायचे. चप्पल घालून खांब चढणारा आणि हातमोजे घालून भाकरी थापणारी, दोघांचंही काम कच्चं, असं त्यांचं मत होतं. वर तार जोडली म्हणून ते कधी खाली उतरले नाहीत. खांबावरूनच फोन लावून एक्स्चेंजला विचारायचं, ऐकू येतंय का. पलीकडून 'येतंय' आलं की मगच एकेक पाय खाली. एकदा पलीकडचा माणूस चहाला गेला, तर हे तासभर वर बसून राहिले. शेवटी गुरं राखणाऱ्या एका बाईने दोरीला बांधून यांना भाकरी वर पाठवली, असं काकू सांगायच्या. काका तेवढं दुरुस्त करायचे. भाकरी नव्हती, नुसता कांदा होता.

'झालं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. जेवण झालं का विचारलं तर म्हणायचे, जेवलोय, पचायचंय. फोनवर 'जय भीम' म्हणून सुरुवात करायचे आणि आपण काय सांगितलं ते समोरच्याने परत म्हणून दाखवल्याशिवाय ठेवायचे नाहीत. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन फिरले, तेव्हा तर त्यांनी कहर केला. पत्रिका हातात देऊन उठायचं सोडून हे बसून राहायचे आणि घरातल्या कुणाकडून तरी तारीख, वेळ आणि ठिकाण मोठ्याने वाचून घ्यायचे. काकू सांगायच्या, लोकांना वाटलं आमचे हे तोंडी परीक्षा घेत फिरतायत. पण लग्नाला एकही पाहुणा चुकीच्या दिवशी आला नाही, हेही त्याच सांगायच्या.

पुढे तारा गेल्या आणि मोबाईल आले. बरोबरीच्या लोकांनी नोकरी सोडून कुणी हॉटेल टाकलं, कुणी टेम्पो घेतला. काका भोरातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दहावी झालेल्या पोरांच्या रांगेत जाऊन बसले. वय अठ्ठेचाळीस. तार गेली, निरोप ऱ्हायला की, असं ते विचारणाऱ्यांना सांगायचे. मी त्यांच्याकडे गेले तोवर त्यांचं दोन टेबलांचं ऑफिस झालं होतं आणि डेअऱ्या, शाळा, पतसंस्था त्यांच्याकडून सॉफ्टवेअर करून घेत होत्या.

मी नसरापूरची. पुण्यातली नोकरी गेल्यामुळे सहा महिने कुठेतरी टेकायचं म्हणून मी भोरला आले होते. नाक बऱ्यापैकी वर होतं. मुलाखतीत काकांनी माझं सर्टिफिकेट बघितलंच नाही. स्क्रीनवर एक भरत जाणारी पट्टी दाखवली, फाईल पाठवताना दिसते ती, आणि विचारलं, ही खरं बोलतीय का? मी म्हटलं, पट्टी काय बोलणार, ती नुसती हलते. ते म्हणाले, तिथंच तर समदी बोंब हाय.

त्यांचं खरं होतं. कितीतरी पट्ट्या नुसत्या घड्याळावर चालतात. आत काही का होईना, त्या आपल्या ठरल्या वेळी भरतात. काकांना त्यांचा मनापासून राग होता. पट्टीचं नीट काम असं असतं, की फोन आपल्याला मधूनमधून निरोप देत राहतो: इतकं गेलं, आणखी इतकं गेलं. शेवटचा तुकडा बाहेर पडला की तो 'गेलं' म्हणतो. पण हे फक्त आपल्या बाजूचं. पलीकडच्या सर्व्हरने सगळं उतरवून घेतलं, जागेवर ठेवलं आणि पावती पाठवली, की आणखी एक निरोप येतो, 'पोचलं'. आणि वाटेत काही अडलं तर 'अडलं' असाही निरोप असतो, तो ऐकायला बरेच जण विसरतात. ऑफिसच्या वायफायवर 'गेलं' आणि 'पोचलं' यांच्यामध्ये डोळ्याची पापणी लवायलाही वेळ मिळत नाही. त्यामुळे शहाणी माणसंसुद्धा दोन्ही एकच समजतात.

डोंगरात ते एक नसतात. म्हणून काकांनी पासलीची परीक्षा काढली होती. पासलीच्या वर धनगरवस्ती आहे. वस्तीत मोबाईलला रेंज नाही, पण वाटेवरच्या एका मोठ्या दगडावर उभं राहिलं तर येते. त्याला सगळे रेंजचा दगडच म्हणतात. दगडावर एका वेळी एकच माणूस नीट उभा राहू शकतो, बाकीचे खाली आपल्या पाळीची वाट बघत थांबतात. आमचं कुठलंही काम गिऱ्हाइकाला देण्याआधी त्या दगडावर उभं राहून, काच तडकलेल्या एका जुन्या मोबाईलवर ते चालवून बघायचं, असा काकांचा नियम होता. नसरापूर, मार्गासनी, वेल्हे, मग पासली आणि वर चढ. एका पट्टीसाठी अख्खा दिवस. मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा मनातल्या मनात काकांचा उद्धार केला.

दुसरा नियम त्याहून विचित्र होता. कुणीही काही पाठवायला लागलं की मोठ्या फाईलीच्या आधी एक चिमुकला निरोप पुढे जायचा: मोबाईल नंबर, वेळ आणि 'निघालो' एवढा एक शब्द. सर्व्हरवर अशा निघालेल्यांची यादी पडून असायची. मी विचारलं, हिचा उपयोग काय? तर म्हणाले, वाटंला लागलेल्याचं नाव कुणाला तरी ठाव पाहिजे. मी ते ऐकून सोडून दिलं.

मग पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. कॉलेजला जाणाऱ्या खेड्यातल्या मुलींना तिथे फुकट राहायला मिळायचं. अर्ज मोबाईलवरून भरायचा आणि दाखला, मार्कशीट यांचे फोटो जोडायचे. आमच्यासाठी मोठं काम होतं आणि ते सगळं मी केलं. वसतिगृहाच्या बाईंना दाखवायला गेले, तेव्हा पट्टी भरल्यावर हिरवी खूण यायला जरा वेळ लागला. बाई म्हणाल्या, अडकलंय का? मला ते लागलं. परत येऊन मी हिरवी खूण 'पोचलं'वरून काढली आणि 'गेलं'ला जोडली. पट्टी भरली की लगेच हिरवं. काय दिसत होतं म्हणून सांगू.

काका तेव्हा घरी होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, स्क्रीनकडे बघायला डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, पासलीला जाऊन आलीस का?

मी म्हटलं, हो.

खोटं बोलायला फार मोठं कारण होतं असं नाही. ऊन होतं, एसटीची वेळ गैरसोयीची होती आणि मला स्वतःची खात्री होती. त्या दिवशी काकांनी माझ्याकडून काही परत म्हणून घेतलं नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

अर्जांची मुदत संपली आणि एका सोमवारी निवड झालेल्या मुलींची यादी लागली. दुपारी ऑफिसचा फोन वाजला. पासलीच्या वरच्या वस्तीतून काजल नावाच्या मुलीचे वडील बोलत होते. शेरडं-मेंढरं आणि चार गुरं असलेलं घर. पोरीने बारावीला चांगले मार्क काढले होते आणि तिला पुण्याला लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा होता. कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण राहायची सोय नसेल तर तो असून नसल्यासारखा. यादीत तिचं नाव नव्हतं. वसतिगृहात विचारलं तर तिथे म्हणाले, तुमचा अर्जच आला नाही. मी कॉम्प्युटरवर बघितलं, खरोखरच नव्हता. आणि मग मी जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. मी म्हणाले, तुम्ही नीट भरला नसेल.

ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "ताई, हिरवी खूण आलती. पोरीनं दगडावरनं उतरून मला दाखीवली."

दगडावरनं उतरून. तेवढ्यात फोन कट झाला, आणि मागे वळून बघते तर काका उभे. काळा गॉगल लावून, डॉक्टरांना न सांगता, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ऑफिसात आलेले. त्यांनी विचारलं, कोण व्हतं? मी सांगितलं. मग विचारलं, पासलीला गेलीवतीस नव्हं? त्यांचे डोळे गॉगलमागे दिसत नव्हते, ते एका परीने बरंच होतं. मी म्हटलं, नाही गेले काका.

ते दाराकडे गेले, चपला काढून उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि परत येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, निघालेल्यांची यादी काढ.

तोवर मी ती यादी एकदाही उघडली नव्हती. निघालेल्यांतून पोचलेले वजा केले तर अकरा नंबर उरले. अकरा जणींनी मुदतीच्या आत अर्ज पाठवायला घेतले होते आणि ते वाटेतच राहिले होते. हिरवी खूण बघून त्या निर्धास्त झाल्या होत्या. काजलचं तर स्पष्टच दिसत होतं. पट्टी भरली, हिरवं झालं, आणि खाली बायका पाळीसाठी थांबल्या होत्या म्हणून पोरगी शहाण्यासारखी लगेच उतरली. दोन पावलं खाली आली की रेंज जाते. फोनमधून निघालेलं शेवटचं काहीबाही हवेतच राहिलं. पुण्याच्या मुलीने फोन हातात धरून तिथेच बसकण मारली असती, तिचा अर्ज पोचला असता. दुसऱ्याला जागा करून द्यायची सवय असलेल्यांचीच चूक झाली, आणि तीसुद्धा माझ्यामुळे.

काकांनी वसतिगृहाच्या बाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पुढच्या वर्षीचं काम हातचं जाईल, हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत असणार. थोडं मोघम बोलावं, नेटवर्कवर ढकलावं, असं मी खुणेने सांगून बघितलं. गॉगलमुळे खुणा दिसल्या नाहीत, असं त्यांनी दाखवलं.

"बाई, चूक आमच्या हिरव्या खुणेची हाय," ते म्हणाले. "पोरींची न्हाई. त्या वेळंत निघाल्यावत्या, आमच्याकडं नोंद हाय."

मग बाईंनी नियम सांगितला, आमच्या कामाबद्दल दोन कडक शब्द सुनावले, आणि शेवटी म्हणाल्या, काही जागा अजून भरलेल्या नाहीत. बुधवारी दुपारपर्यंत अर्ज आले तर मार्कांप्रमाणे विचार करू. काकांनी त्यांच्याकडून 'बुधवारी दुपारपर्यंत' दोनदा म्हणून घेतलं. बाई वैतागल्या असणार, पण त्यांनी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत मी पट्टी दुरुस्त केली. काका शेजारी डोळे मिटून बसले होते आणि ओळ न् ओळ वाचून घेत होते. पट्टी शेवटाला आली की हिरवी न होता थांबायची आणि खाली अक्षरं यायची. ती काकांनी सांगितली: 'अजून पोचलं नाही. आहे तिथंच थांबा.' अडलं तर 'अडलं, पुन्हा पाठवा' असं लाल अक्षरात. पावती नंबर आल्यावरच हिरवं. दहा जणींचे फोन लागले आणि त्यांनी अर्ज परत पाठवले. काजलच्या घरचा फोन लागणार नव्हता, कारण त्यांचा दगड घरापासून लांब होता.

मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. स्कूटर मी चालवली आणि मागे काळा गॉगल लावलेले अनवाणी काका. वेल्ह्याच्या स्टँडवर एकाने विचारलं, नवस बोललाय का? उभ्या जन्मात नवस न केलेल्या माणसाला हा प्रश्न. कुठल्या देवाला, असंही त्याने पुढे विचारलं. काका म्हणाले, सर्व्हरला.

काजल वस्तीच्या अलीकडेच भेटली. उंच, बारीक, फार न बोलणारी मुलगी. मी तिला सांगितलं की तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, मला वाटलं माझ्या फोनचंच काय झालं. रात्रभर ती स्वतःलाच बोल लावत होती, असं तिच्या आईने नंतर सांगितलं. मला तिथे रडू आलं, ते मी शेरडांकडे बघायचं निमित्त करून लपवलं.

ती दगडावर चढली. खाली आम्ही, तिचे आईवडील आणि पाळीला आलेल्या दोन बायका. पट्टी भरत गेली, शेवटाला आली आणि थांबली. 'अजून पोचलं नाही. आहे तिथंच थांबा.' काजल थांबली. खालच्या बायकांनी पदर सावरून सरळ बसकण मारली. बऱ्याच वेळाने लाल अक्षरं आली, अडलं. माझं तोंड उतरलं, पण काका खुशीत आले. "बघ, आता खरं बोलतीया," म्हणाले. काजलने पुन्हा पाठवलं. दुसऱ्या खेपेला पट्टी थांबली, आणि वरून तिचा आवाज आला, नंबर आला. काकांनी तो तिला मोठ्याने वाचायला लावला, मग तिलाच वसतिगृहाला फोन करायला लावला. बाई म्हणाल्या, मिळाला.

सगळे काकांकडे बघायला लागले. काजलच्या वडलांनी विचारलं, "झालं म्हणायचं का आता?"

"पोरगी कुठं हाय?"

"ही काय, हितंच की."

"मंग?" काका म्हणाले आणि तसेच अनवाणी डोंगर उतरायला लागले.

गुरुवारी काजलचं नाव लागलं. मला वाटलं, आता चपला घालतील. नाही घातल्या. वसतिगृह उघडायला तीन आठवडे होते आणि ते तीन आठवडे काका भोरच्या बाजारातून, बँकेतून, एका गिऱ्हाइकाच्या वास्तुशांतीतून अनवाणी फिरले. काकू माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. चपला आमच्या उंबऱ्याबाहेर होत्या तशाच. मी रोज सकाळी त्या ओलांडून आत जायची आणि संध्याकाळी ओलांडून बाहेर पडायची. काका मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित पुण्याला निघून गेले असते. चपलांमुळे जाता येईना. पासलीला मात्र त्या तीन आठवड्यांत मी दोनदा जाऊन आले, कुणी न सांगता.

काजल निघाली तो दिवस सोमवारच होता. वेल्ह्याच्या स्टँडवर तिचे वडील, काका आणि मी. माझ्या पिशवीत काकांच्या चपला होत्या, मी त्यांना न विचारता आणल्या होत्या. काजलची ट्रंक चढली, ती खिडकीशी बसली, एसटी सुटली आणि वळणाआड गेली. पोचवायला आलेली बाकीची माणसं पांगली. काका बाकावर बसले. तिचे वडील थोडा वेळ उभे राहिले आणि मग त्यांच्या शेजारी बसले. मी म्हटलं, पुणं अडीच तासांवर आहे काका, ऑफिस उघडायचंय. ते म्हणाले, "तू जा. म्या खांबावर हाय."

मी गेले नाही. चपला त्यांच्या पायाशी मांडल्या. त्यांनी त्या पाहिल्या आणि पाय बाकाखाली ओढून घेतले. आम्ही तिघांनी दोनदा चहा घेतला. काजलचे वडील पुढे जाऊन रस्त्याकडे बघून यायचे, जणू ती एसटी तिकडूनच परत येणार होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाट बघण्याचा कंटाळा आला नाही.

साडेतीन तासांनी काजलच्या वडलांचा मोबाईल वाजला. त्यांनी दोन्ही हातांनी धरून कानाला लावला, व्हय व्हय केलं आणि आमच्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पोचली," म्हणाले.

मी काकांकडे बघितलं. आता तरी.

काका म्हणाले, "कॉट मिळाली का इचार."

त्यांनी विचारलं. पलीकडून काजल बरंच काही सांगत होती, तिचा आवाज आम्हालाही थोडा ऐकू येत होता. कॉट मिळाली होती. खिडकीजवळची. तिने ट्रंक खाली सरकवली होती आणि आता ती कॉटवर बसूनच बोलत होती.

काकांनी हे सगळं तिच्या वडलांकडून परत म्हणून घेतलं. मग तळपायाची माती हाताने झाडली, आधी उजव्या, मग डाव्या, आणि चपला घातल्या.